नियम बदलला की सात टेबलांवर सात उत्तरं, हे दर वेळी का होतं आणि आम्ही काय करून पाहिलं

हा प्रॉब्लेम दर दोन-चार महिन्यांनी नव्याने येतो आणि दर वेळी कोणीतरी फोन करून विचारतं की तुमच्याकडे पण असंच होतंय का, म्हणून एकदाच बसून लिहून टाकते.

मी मुंबईत सरकारी योजनांच्या मदत केंद्रांवर बसणाऱ्या लोकांना शिकवायचं काम करते. म्हणजे फॉर्म भरणारी, कागद तपासणारी, पोर्टलवर चढवणारी पोरं-पोरी. गोवंडी, मानखुर्द, कुर्ला, धारावी, मालवणी असं सगळं मिळून सात टेबलं. रेशनकार्ड, निराधार, श्रावणबाळ, लाडकी बहीण, उत्पन्नाचा दाखला, जे येईल ते. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण खाली ज्या चुका सांगणार आहे त्या आमच्याच आहेत.

दिसतं कसं ते आधी सांगते. कुर्ल्याच्या टेबलावर एका बाईला सांगितलं की डोमिसाइल, म्हणजे अधिवासाचा दाखला, लागेलच, तिची नणंद मालवणीला राहते तिला आमच्याच माणसाने सांगितलं की जुनं रेशनकार्ड असेल तर चालतं, मग त्या दोघींचं रात्री फोनवर झालं काय ते आणि तिसऱ्या दिवशी कुर्लावाली येऊन म्हणते, "ताई, तुम्ही आधी तुमच्यात ठरवून घ्या, मग आम्हाला सांगा." बरोबरच होतं तिचं. तिने एक दिवसाचा रोज बुडवला होता, शिवाय दाखल्यासाठी एजंटला पैसे दिले ते वेगळेच.

तर पहिली गोष्ट, हे 'स्टाफ शिकत नाही' म्हणून होतं असं वाटत असेल तर तसं नाहीये. मला पण तसंच वाटायचं. जुलै २०२४ मध्ये ते डोक्यातून गेलं.

आठवतंय ना, लाडकी बहीणचा जीआर, म्हणजे शासन निर्णय, २८ जून २०२४ ला आला, शुक्रवार होता. शनिवार-रविवार बसून मी वाचला, सोमवारी १ जुलैला सगळ्यांना दादरला एका हॉलमध्ये बोलावलं, पूर्ण दिवसाचं ट्रेनिंग, चाळीसेक स्लाइडी, मध्ये चहा-वडापाव. वय २१ ते ६०, उत्पन्न अडीच लाखाच्या आत, अधिवास प्रमाणपत्र पाहिजे, घरात पाच एकरपेक्षा जास्त जमीन नको, चारचाकी नको, मुदत १५ जुलै. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं, मी पण खूश. आणि ३ जुलैला बदल आले. वय ६५ पर्यंत, पाच एकराची अट काढली, डोमिसाइल नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्र किंवा शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला चालेल, पिवळं-केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको, घरातल्या एका अविवाहित मुलीला पण लाभ, मुदत ३१ ऑगस्ट. म्हणजे माझं ट्रेनिंग दोन दिवस टिकलं.

आता गंमत बघा. नवीन बदल मी लगेच व्हॉट्सॲपवर टाकले. पण लोकांच्या हातात काय होतं, तर पूर्ण दिवस बसून स्वतःच्या अक्षरात लिहिलेली वही. माणूस कशावर विश्वास ठेवेल, मोबाइलवर आलेल्या फॉरवर्डवर की वहीवर? जी पोरं ट्रेनिंगला सगळ्यात लक्ष देऊन बसली होती तीच सगळ्यात जास्त चुकली, दोन आठवडे डोमिसाइल मागत राहिली. आणि जो पोरगा ताप आला म्हणून हॉलमध्ये आलाच नव्हता, त्याने थेट नवीन पत्रक वाचलं आणि तो एकटा बरोबर सांगत होता. मला काही दिवस तोंड दाखवायला जागा नव्हती.

त्यातून कळलं ते हे, की नवीन नियम शिकवणं त्या मानाने सोपं आहे, जुना नियम माणसाच्या डोक्यातून आणि भिंतीवरून काढणं हेच खरं काम आहे. आणि ते कोणीच करत नाही, कारण ट्रेनिंगच्या रिपोर्टमध्ये 'किती जणांना शिकवलं' असा रकाना असतो, 'किती जुने कागद फाडले' असा नसतो.

मग आम्ही एकेक टेबलावर जाऊन बघितलं जुना नियम राहतो कुठे. भिंतीवर चिकटवलेली कागदपत्रांची यादी, त्यावर तारीख नाही. ड्रॉवरमध्ये जुन्या फॉर्मचा गठ्ठा, वाया जाऊ नये म्हणून ठेवलेला. ग्रुपवर पडलेल्या पीडीएफ, त्यातल्या एकीचं नाव 'नवीन फायनल', दुसरीचं 'नवीन फायनल २', शोधायला गेलं की आधी जुनीच वर येते. आणि सगळ्यात मोठं म्हणजे बाहेरचा झेरॉक्सवाला. हसू नका, खरं सांगते, केंद्रात यायच्या आधी बाई झेरॉक्सवाल्याकडे जाते, तोच सांगतो काय काय लागतं, त्याच्याकडे छापील यादी असते दोन रुपयाला, ती यादी हातात घेऊन ती आमच्या टेबलावर येते आणि आमचा नवखा पोरगा त्या यादीवर टिका मारत कागद मागतो. म्हणजे आमच्या स्टाफला ट्रेनिंग मी देत नव्हते, झेरॉक्सवाला देत होता! आता नियम बदलला की पहिली फेरी झेरॉक्सच्या दुकानात असते. नवीन यादी त्याला फुकट देतो, जुनी त्याच्याकडून मागून घेतो. एकाने सुरुवातीला कुरकुर केली, शंभर प्रती छापून ठेवल्या होत्या त्याने, त्या आम्ही विकत घेतल्या. दोनशे रुपयात एवढा फायदा माझ्या कुठल्याच ट्रेनिंगने दिला नाही.

दुसरं कारण जरा किचकट आहे. नियम बदलतो एका दिवशी, पोर्टल बदलतं दुसऱ्या दिवशी, आणि ऑफिसातलं टेबल बदलतं तिसऱ्याच दिवशी. जीआरमध्ये लिहिलंय चालेल, पोर्टलवर तो ऑप्शनच नाही, किंवा पोर्टलवर आलंय पण समोरचे साहेब म्हणतात आम्हाला अजून पत्र नाही. या मधल्या दिवसांत काउंटरवरच्या माणसाने काय बोलायचं हे कोणतंच ट्रेनिंग शिकवत नाही. मग जो तो आपापल्या स्वभावाप्रमाणे बोलतो, एक म्हणतो 'होणार नाही', एक म्हणतो 'सोमवारी या', एक म्हणतो 'करून टाकतो बघू काय होतं', आणि ते करून टाकलेलं नंतर रिजेक्ट होऊन येतं.

यावर आम्ही जे केलं ते फार साधं आहे. प्रत्येक बदलाचा एकच कागद, एकाच बाजूला छापलेला, आणि वर तीन चौकोन. जीआर आला, पोर्टलवर दिसतंय, ऑफिसात घेतायत. प्रत्येक चौकोनात तारीख हाताने लिहायची. तिन्ही भरले तर काम करा. पहिलाच भरला असेल तर बोलायचं वाक्य ठरलेलं आहे, "नियम झालाय, मशीनवर यायचाय, तुमचं नाव-नंबर लिहून घेते, आलं की फोन करते." हे वाक्य सगळ्यांना पाठ. नवीन कागद लावताना जुना कागद फाडून त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा, नवीन कागदाचा नाही, फाडलेल्या जुन्याचा. सुरुवातीला लोकांना पोरखेळ वाटला. पण सातातून पाचच फोटो आले की मला कळतं कुठल्या दोन टेबलांवर अजून जुनंच चाललंय, मग त्यांना फोन.

आता तिसरं, आणि माझ्या मते यातच सगळ्यात जास्त चुका होतात. आपण बटणं शिकवतो, नियम नाही शिकवत. 'इथे क्लिक करा, मग इथे, मग सबमिट.' स्क्रीन बदलली की माणूस आंधळा. आणि एकाच घराला किती वेगवेगळे आकडे लागतात बघा. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळला कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांपर्यंत. शहरात प्राधान्य कुटुंब म्हणून रेशनचं धान्य मिळायला ५९ हजार. केशरी कार्ड मात्र एक लाखापर्यंत. लाडकी बहीणला अडीच लाख. वयाचं तर अजून भारी, ६५ ला लाडकी बहीण संपते आणि ६५ लाच श्रावणबाळ सुरू होतं. काउंटरवरचा माणूस दिवसाला साठ लोक बघतो, संध्याकाळी चार वाजता त्याच्या डोक्यात हे सगळे आकडे मिसळून भेळ झालेली असते.

केशरी कार्डाचा घोळ तर विचारू नका. केशरी म्हणजे धान्य मिळणारच असं आमचे जुने लोक सुद्धा सांगायचे. केशरीत दोन प्रकार, प्राधान्य कुटुंबवाले ज्यांना माणशी महिन्याला ५ किलो मिळतं आणि बाकीचे ज्यांना अन्न सुरक्षा कायद्याखाली काही नाही. कार्डाचा रंग बघून काही कळत नाही, ऑनलाइन रेकॉर्डमध्ये कुटुंब कशात आहे ते बघावं लागतं. पण तेच बिनधान्याचं केशरी कार्ड लाडकी बहीणसाठी उत्पन्नाच्या दाखल्याऐवजी चाललं. एकाच कार्डाला एका खिडकीवर 'नाही' आणि शेजारच्या खिडकीवर 'हो', हे का, हे माणसाला कळलं नसेल तर तो अंदाजपंचे बोलणार.

आणि 'कोणाचं उत्पन्न धरायचं' हा प्रश्न तर आपल्याकडेच नाही, बाहेर पण लोकांना नडतो. अमेरिकेत कोरोनानंतर एप्रिल २०२३ पासून मेडिकेडवाल्यांची, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यातल्या लोकांची, पात्रता परत तपासायला घेतली, तेव्हा सुमारे तीस राज्यांत आपोआप नूतनीकरण करताना प्रत्येक माणूस वेगळा बघायच्या ऐवजी अख्खं घर एकत्र बघितलं जात होतं, त्यामुळे आई-बापाचा कागद अडला म्हणून पात्र असलेली पोरं पण बाहेर पडत होती, जवळजवळ पाच लाख लोकांचं कव्हर परत द्यावं लागलं. आमच्या मानखुर्दच्या टेबलावर हेच उलट्या बाजूने चाललं होतं, म्हणजे कुटुंबाचं उत्पन्न विचारायचं तिथे फक्त बाईचं स्वतःचं विचारत होते, आणि ती घरकाम करते म्हणून सगळ्याच पात्र.

बरं, मग टेस्ट कशी करायची. 'समजलं का?' विचारलं की सगळे माना डोलवतात, त्याचा काही उपयोग नाही. आम्ही पाच बायका बनवल्या. खऱ्या नाहीत, कागदावरच्या. सखूबाई, वय ६४ वर्षं १० महिने, केशरी कार्ड, दाखला काही नाही. दुसरी जनाबाई, केशरी कार्ड आहे, दुकानदार धान्य देत नाही म्हणते. तिसरी रखमाबाई, नवरा पण नाही आणि वडील पण नाहीत, लाडकी बहीणचं ई-केवायसी (आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणं) अडलंय, कारण त्यात दोघांपैकी एकाचं आधार मागितलं. चौथी बायजाबाई, आयुष्यभर धुणीभांडी करून बोटांच्या रेषा गेल्यात, मशीनवर अंगठाच लागत नाही. पाचवी ठकूबाई, खातं आधारशी लिंक आहे म्हणते पण पैसे येत नाहीत. नियम बदलला की दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्र उघडायच्या आधी पंधरा मिनिटं, सातही टेबलांवर ह्याच पाच बायका, प्रत्येकाने आपलं उत्तर लिहून फोटो टाकायचा, एकमेकांचं न बघता. सगळ्यांचं एकच आलं तर उघडा. वेगळं आलं तर जिथे वेगळं आलं तेवढंच शिकवायचं, सगळं परत नाही.

पहिल्यांदा घेतलं तेव्हा ठकूबाईची चार वेगवेगळी उत्तरं आली. एकाने 'बँकेत जाऊन केवायसी करा', एकीने 'नवीन खातं काढा', दोघांनी 'थांबा, येतील', बाकीच्यांनी 'आधार अपडेट करा'. बरोबर उत्तर एकालाही नीट माहीत नव्हतं. खात्याला आधार नंबर जोडलेला असणं वेगळं आणि एनपीसीआय, म्हणजे बँकांमधले ऑनलाइन व्यवहार चालवणारी संस्था, तिच्या मॅपिंगमध्ये तुमच्या आधारपुढे कुठली बँक आहे ते वेगळं. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे, पैसे जातात ते मॅपिंगमधल्या बँकेत, आणि तिथे एका वेळी एकच बँक असते, जी शेवटची सीड झाली, म्हणजे आधारशी जोडली गेली, ती. बाई फॉर्मवर एका बँकेचं पासबुक लावते, पैसे जातात कधीतरी गॅस सबसिडीसाठी काढलेल्या दुसऱ्याच खात्यात, आणि ते खातं ती विसरून पण गेलेली असते. आधारच्या वेबसाइटवर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस बघितलं की दोन मिनिटांत कळतं. त्यानंतर आमचा नियम झाला, पैसे आले नाहीत म्हटलं की आधी स्टेटस बघायचं, मग तोंड उघडायचं.

बायजाबाईचं उत्तर पण सुधारलं. आधी सगळे 'आधार केंद्रात जाऊन बोटं अपडेट करा' एवढंच सांगायचे, आता रेशनच्या ई-केवायसीला मोबाइलवर चेहरा दाखवून करायचं ॲप आहे, मेरा ई-केवायसी, सोबत आधारचं फेस आरडी हे चेहरा ओळखणारं ॲप टाकावं लागतं, ते टेबलावरच्या फोनमध्ये कायम टाकून ठेवलंय. आणि घरातल्या पोरांचं अडलं तर ५ आणि १५ वर्षांचं बायोमेट्रिक अपडेट झालंय का ते विचारायचं, निम्म्या वेळा तेच निघतं.

ह्या पाच बायकांचा एक न ठरवलेला फायदा झाला, स्टाफ आता त्यांच्याच भाषेत बोलतो. 'ताई, आज तीन ठकूबाया आल्या होत्या.' नवीन मुलगी लागली की तिला चाळीस स्लाइडी नाही दाखवत, ह्या पाच जणींची ओळख करून देतो. पाच जणी मात्र कायमच्या त्याच ठेवायच्या नाहीत, पाठ होतात, मग उत्तर माहीत असतं आणि कारण माहीत नसतं. दोन महिन्यांनी वय-कार्ड बदलायचं. सखूबाईला एकदा आम्ही आधीच निराधारचे दीड हजार मिळतात असं केलं, तीन टेबलांनी तरी पण तिला लाडकी बहीणला पात्र ठरवलं. दुसऱ्या योजनेतून तेवढेच पैसे मिळत असतील तर तिथे मिळत नाहीत, हे सगळ्यांनी वाचलेलं होतं, पण केशरी कार्ड दिसलं की हात आपोआप 'पात्र' लिहितो.

जे चाललं नाही ते पण सांगते. व्हिडिओ बनवून पाठवले, कोणी बघत नाही, लोकलमध्ये आवाज येत नाही आणि टेबलावर वेळ नाही. महिन्याची परीक्षा घेतली, लोक एकमेकांना उत्तरं पाठवायचे. एक 'एक्स्पर्ट' ठेवला ज्याला सगळे फोन करतील, तो एकटाच शहाणा झाला आणि गावी गेला तेव्हा सातही टेबलं बंद पडल्यासारखी.

शेवटचं, 'नाही' कसं म्हणायचं. महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात अधिसूचित सेवेचा अर्ज नाकारायचा असेल तर अधिकाऱ्याने कारण लेखी द्यायचं असतं. आमच्या टेबलाला तो लागू नाही, पण कल्पना तिथून उचलली. तोंडी 'नाही' बंद. नाही म्हणायचं तर चिठ्ठीवर कारण, तारीख आणि सही, आणि तेच एका रजिस्टरमध्ये, फोन नंबरासकट. लोकांनी फार विरोध केला, वेळ जातो म्हणून. पण गंमत अशी की लिहायचं म्हटलं की निम्म्या वेळा माणूस थांबतो, कागद परत बघतो, आणि 'नाही'चं 'हो' होतं.

हे रजिस्टर का आलं तर १ जुलै २०२४ च्या संध्याकाळी, हॉलमधलं ट्रेनिंग संपवून मी स्वतः धारावीच्या टेबलावर बसले होते. एक बाई आली, नवऱ्याच्या घरच्यांची कोकणात सात एकर जमीन, जमीन कसली, नुसता कातळ, त्यात गवत पण उगवत नाही म्हणाली. मी तिला नाही म्हटलं, पाच एकराची अट नुकतीच स्वतः शिकवून आले होते ना. दोन दिवसांनी अट गेली. तिचं नाव-नंबर माझ्याकडे काहीच नव्हतं. ती परत आली की नाही, दुसरीकडे फॉर्म भरला की नाही, काही कळलं नाही.

मग सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीणचं ई-केवायसी आलं, त्यात बाईच्या स्वतःच्या आधारसोबत नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार आणि ओटीपी, आणि आमच्या सगळ्या रखमाबाया अडकल्या, ज्यांचं दोघांपैकी कोणीच नाही. ह्या वेळी सातही टेबलांवर उत्तर एकच होतं, 'आत्ता होत नाहीये, नाव लिहून घेतो.' नोव्हेंबरमध्ये त्यांच्यासाठी मार्ग निघाला आणि मुदत ३१ डिसेंबरपर्यंत गेली, त्या दिवशी दुपारी रजिस्टर काढलं, एकतीस नावं होती. दोघी-तिघींनी बसून संध्याकाळपर्यंत सगळ्यांना फोन लावले. अठ्ठावीस जणी मिळाल्या, दोघींनी दुसरीकडे विचारून ठेवलं होतं, एकीचा नंबर बंद लागला. त्या नंबरापुढे आमच्या मानखुर्दच्या मुलीने पेन्सिलने लिहिलंय, 'बैंगनवाडी, मशिदीमागची गल्ली, रविवारी जाऊन बघते.'